चार बोटं निवडुंग

बरोबर सातच्या ठोक्याला जावईबुवांनी खिडकीतल्या निवडुंगाला पेलाभर पाणी घातलं आणि निवडुंग त्यांच्याकडे झुकला. पाणीपुरवठा खात्यात अठरा वर्षं व्हॉल्व्ह सोडूनही त्यांचे आभार कोणी मानले नव्हते, त्यामुळे झाड नमस्कार करतंय असंच त्यांना आधी वाटलं. मग त्यांनी बुडाला अंगठा लावला. अंगठा आत गेला.

"अगं, धाव! हा मऊ लागतोय!"

बायको धावत आली, वाकली आणि नाक दाबून मागे सरली. बूड तपकिरी पडून पाणथळ झालं होतं. "अहो, हा सडलाय! उद्या दुपारी आई येतेय!"

"मला माहीत आहे!" जावईबुवा ओरडले.

निवडुंग सासूबाईंचा होता. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या नणंदेने, म्हणजे आत्याबाईंनी, तो बोटभर असताना त्यांना दिला होता आणि तेव्हापासून आत्याबाई दर भेटीत पर्समधून टेप काढून त्याची उंची मोजत. आता तो चांगला दोन हात झाला होता. आणि सासूबाई तर जावयाच्या हाती साधी काचेची बशी देत नसत. लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत झाकण उघडताना जावईबुवांनी अख्खी बरणी फोडली होती, ती गेली सात वर्षं सासूबाईंच्या बोलण्यात रोज नव्याने फुटत होती. त्याच सासूबाई प्रवासाला निघताना कुंडी कडेवर घेऊन स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याशिवाय कोणावर सोपवणार? रोज सकाळी पेलाभर पाणी घाला हं. विसरू नका." जावईबुवांची छाती इंचभर फुगली. पंधरा दिवसांत त्यांनी एकही पेला चुकवला नव्हता.

वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. त्यांच्या गच्चीत चाळीस निवडुंग होते. बोलावणं जाताच ते पायजम्यावरच, हातात बॅग घेऊन उतरले.

"कधीपासून दुखतंय?" सवयीने विचारून त्यांनी बूड चाचपलं. "सड लागलीय. रोज पाणी? कॅक्टसला? कोणी सांगितलं?"

जावईबुवांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने पंख्याकडे पाहिलं.

"कॅक्टस तहानेने मरत नाही हो, पाण्याने मरतो! सड बुडातून वर चढते. पण ही काही पंधरा दिवसांची वाटत नाही. असो. धारदार सुरी आणा, वर्तमानपत्र आणा, स्पिरिट माझ्याकडे आहे!"

जावईबुवांनी वर्तमानपत्राच्या घडीत झाड धरलं आणि डॉक्टरांनी बूड कापलं. कापाच्या मधोमध तपकिरी ठिपका होता.

"एवढासा तर आहे," जावईबुवा केविलवाणे म्हणाले.

"एवढासाच उद्या सगळा खाईल! वर!" डॉक्टरांनी सुरी स्पिरिटने पुसली. "दरवेळी पुसायची, नाहीतर सुरीच सड वर नेते."

दुसरी चकती पडली. ठिपका होताच. तिसरी, चौथी. दोन हातांचा एक हात झाला. मघाशी नाक दाबणारी बायको आता टेबलावर ओणवी होऊन सामना बघितल्यासारखी ओरडत होती. "आहे, आहे, अजून आहे! पण लहान झालाय!" एका हाताची वीत झाली. जावईबुवांना एकेका चकतीबरोबर आपलीच उंची कमी होतेय असं वाटत होतं, पण आता त्यांनाही चेव आला होता. "कापा डॉक्टर! होऊ दे काय व्हायचं ते!"

नववी चकती पडली. काप हिरवट पांढरा, काकडीसारखा स्वच्छ!

"सुटला!" तिघं एकदम ओरडले. शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. जावईबुवांनी आनंदाच्या भरात डॉक्टरांना मिठी मारली.

उरला होता चार बोटं निवडुंग.

"हा सावलीत कोरडा पडू दे," डॉक्टर हात धुत म्हणाले. "आठ-दहा दिवसांत खपली धरेल, मग कोरड्या वाळूत लावा. तोवर पाण्याचा थेंब नाही."

"थेंबसुद्धा नाही?" जावईबुवांना खात्याचा अपमान झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई दारात उभ्या राहिल्या, तेव्हा जावईबुवा स्टीलच्या ताटलीत तो तुकडा घेऊन तयारच होते. "आई, मोठा गेला. पण एवढा वाचवला बघा!"

"वाचवलात?" सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, कशाला वाचवलात!"

"म्हणजे?"

"निघायच्या आधीच मला तो मऊ लागला होता. सहा महिने रोज पाणी मीच घालत होते ना! वन्संना काय तोंड दाखवणार? म्हटलं, तुमच्या हातून मेला तर कोणाला नवल वाटायचं नाही. काल फोनवर सांगूनही टाकलं, जावयाने मारला आणि फेकूनही दिला. आता हा तुकडा दिसला तर त्या खोदून खोदून विचारतील. स्टेशनवरून माझ्याबरोबरच आल्यात हो, जिना चढताहेत!"

जावईबुवांना राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. छाती फुगवलेले ते पंधरा दिवस त्यांना आठवले. तेवढ्यात जिन्यात खोकल्याचा आवाज आला आणि सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सात वर्षांत त्या पहिल्यांदाच जावयाकडे आशेने पाहत होत्या.

जावईबुवांनी तुकडा उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

"कुठेत जावई?" आत्याबाई सवयीने टेप हातात घेऊनच आत आल्या. "अकरा वर्षांचं झाड हो! पंधरा दिवस सांभाळता आलं नाही?"

"चूक झाली, आत्या. माझ्याच हातून गेला," जावईबुवा म्हणाले आणि काटे आत रुतल्यामुळे त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अगं बाई, हे तर रडताहेत!" आत्याबाई विरघळल्या. "असं लावून घ्यायचं नाही मनाला!" आणि त्यांनी जावईबुवांना लेकरासारखं घट्ट छातीशी धरलं.

जावईबुवांनी फोडलेला हंबरडा खालच्या मजल्यापर्यंत गेला.

"किती हा हळवा जीव!" आत्याबाईंचेही डोळे भरून आले. "वहिनी, तुझ्या डोळ्यांतून टिपूस नाही, आणि हे बघ. पुढचा कॅक्टस मी यांनाच देणार!"

आत्याबाई गेल्यावर बायको हसू दाबत खालच्या मजल्यावर क्षमा मागायला गेली. सासूबाईंनी चष्मा लावला, चिमटा मागितला आणि जावयाच्या छातीतून एकोणीस काटे काढले. मग त्यांनी आपली बॅग उघडली, कपड्यांच्या घडीतून प्रवासात घेतलेली पातळ, निळ्या काचेची बशी काढली आणि जावयाच्या हातात दिली.

"यात ठेवा त्याला. खपली धरेपर्यंत."

जावईबुवांनी बशी दोन्ही हातांनी धरली. "आई, नको. फुटेल."

"फुटू दे," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या हातून फुटली म्हणून सांगेन."