अर्ध्या काठीच्या निशाणाची हकिकत

श्री. जात्याच्या खुंट्यास नमन, पेवाच्या तोंडास नमन, आणि जो ऐकेल त्याच्या धीरास नमन करोन हे लिहिले ऐसीजे. "गड आपला जाहला, आता कोणाचे देणे नाही!" ऐसा एक आवाज राहीबाईसाहेबांचे कानी बाळपणी पडिला होता. तो त्यांचे वडील हैबतराव यांचा, बुरुजावर उभे राहोन काढिलेला, आणि त्यात इतका आनंद होता की खाली उभी परकरातली पोर काही न कळता टाळ्या पिटू लागली. टाळ्या विरल्या, आवाज मात्र पंचवीस वर्षे कानांतून गेला नाही.

शके सोळाशे पन्नास, कीलकनाम संवत्सर, ते समयी राहीबाईसाहेब एका लहान राज्याची राणी होत्या. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. गावे बारा, घाट एक, हत्ती नाही. त्यांचे यजमान राजे जानराव यांणी बारा वर्षांमागे डोंगराचे सोंडेवर नवी गढी बांधिली, तिजकरिता पंधरा हजार रुपये हरबाशेट सावकार याजपासून घेतले आणि गढी त्यासच गहाण लिहून दिली. करार ऐसा की दर दसऱ्यास दोन हजार द्यावे, वीस वर्षे द्यावे, मग गढी मोकळी. आणि त्या मुलखाची चाल ऐसी की गहाण गढीचे निशाण अर्ध्या काठीस असावे, देणे फिटले म्हणजे टोकास चढवावे. शेटीचा गुमास्ता दर दसऱ्यास येऊन दोरीने काठी मापी, निशाण वीतभर वर दिसले तर खाली घेववी, आणि मग पोटभर जेवून जाई. राजे मनाने मोठे, परंतु ती दोरी त्यांचे डोळ्यांत सले. त्यात त्या वैशाखी शेजारचे संस्थानी लग्नास गेले असता तेथील यजमान भर पंक्तीत बोलिले, "जानराव, निशाण दमले काय तुमचे? बारा वर्षे मध्येच बसले आहे." पंक्ती हसली, राजेही हसले, परंतु हातातला लाडू तैसाच पानात ठेविला.

मग श्रावणात नवल जाहले. घाटाची जकात मिठाच्या व्यापाऱ्यांनी सात वर्षे थकविली होती, ती एकदम भरली. कोनेरपंत फडणीस यांणी तीनदा मोजिले, रुपये दहा हजार आणि वर चार. पंतांचा हिशेब म्हणजे दगडावरची रेघ. ते बोलिले की या दसऱ्याचा हप्ता वेगळा काढिलाच आहे, तो देऊन राहिले आठ हप्ते, म्हणजे सोळा हजार. परंतु समूळ याच दसऱ्यास फेडाल तर शेट दहा हजारांत मोकळे करितो. सहा हजार वाचतात आणि वर चार रुपयांचे पेढे होतात. हे ऐकोन राजे उठोन उभे राहिले आणि नव्या निशाणास भगवे रेशीम आणावयास माणूस रवाना केला.

राणीसाहेब चिकाचे पडद्याआड होत्या. त्यांणी तेथूनच सांगोन पाठविले की रेशीम राहू द्यावे, पैका शेटीस देऊ नये, निमे रोख ठेवावे आणि निम्याचा जोंधळा घेऊन जमिनीतली पेवे भरावी. दरबार थक्क जाहला. मग दोन महिने त्या गढीत दुसरी गोष्ट नव्हती. राजे म्हणत, देणे म्हणजे अंथरुणातला विंचू, आधी तो काढावा मग चादर झटकावी. राणीसाहेब म्हणत, विंचू कोठे आहे ते ठाऊक आहे, दर दसऱ्यास दोन हजारांत निजतो. न दिसणाऱ्याचे काय? राजे म्हणत, टोळधाड वीस वर्षांत आली नाही. राणीसाहेब म्हणत, म्हणूनच. पंतांनी मध्यस्थी मांडिली की निमे शेटीस द्यावे, निमे ठेवावे. त्यावर शेटीचे उत्तर आले, हप्ता घेईन किंवा समूळ घेईन, मधले घेण्याची पेढीची रीत नाही. ऐसे जाहल्यावर दोहींपैकी एक करणे आले. राजे प्रेमळ होते, ओरडले नाहीत, परंतु ऐकिलेही नाही. राणीसाहेबही हट्टास पेटल्या, परंतु हट्ट का, हे मात्र सांगेनात. विचारिले की ओठ मिटत.

आता एक बारीक गोष्ट लिहिणे अवश्य. राणीसाहेबांनी राणी असोनही पहाटेचे दळण सोडिले नव्हते. समोर ठकूबाई नावाची जुनी बाई बसे, जात्याचा खुंटा दोघींचे हाती, आणि उजाडता उजाडता राणीसाहेब मान वर करोन निशाणाकडे पाहत आणि गात:

निशाण माहेराचं, गेलं आभाळाला उंच,
सासरी माझं बाई, अर्ध्या काठीला गं तेच.

एवढे गाऊन थांबत. ठकूबाई म्हणे, "आक्कासाहेब, रोज दोनच ओळी? ओवी काय उसनी आणली आहे, की निमी परत करायची?" राणीसाहेब हसत आणि जात्यात मूठ घालीत. राजे वरच्या सज्जात दातण करीत हे नित्य ऐकत. त्यांस वाटे, माहेरचे निशाण टोकास होते, येथे अर्धे आहे, बायको बारा वर्षे मान वर करोन तेच दुःख पाहते आहे. हे मनांत धरोनच ते रेशमाचे मागे लागले होते. बोलिले मात्र नाहीत. त्या घरात न बोललेल्या गोष्टी पेवातल्या दाण्यासारख्या खाली खाली जात.

दसरा उजाडला. आपट्याची पाने आली, गुमास्ता दोरी घेऊन आला, रेशमाचे निशाण तबकात घडी करोन ठेविले, आणि दहा हजारांच्या पाच थैल्या दरवाज्यात मांडिल्या की खेचरावर चढवाव्या. इतक्यात राहीबाईसाहेब आतून निघाल्या, पदर खोचला होता, हाताला पीठ होते. चिक नाही, दासी नाही. सरळ दरवाज्यात आल्या आणि मधल्या थैलीवर बसल्या. खेचरवाले मागे सरले. कोनेरपंत पुढे आले आणि मागे गेले, कारण खजिना उचलण्याचा कायदा त्यांस पाठ होता, वर राणी बसली असता कैसे उचलावे हे कोणी लिहून ठेविले नव्हते. गुमास्ता म्हणाला, "बाईसाहेब, मला ऊन होण्याच्या आत निघायचे आहे." राणीसाहेब बोलिल्या, "जेवल्याशिवाय तुम्ही कधी गेला आहात काय? बसा."

मग राजे जवळ आले, खाली वाकले, आणि हलके बोलिले, "हे तुमच्यासाठीच करतो आहे. रोज सकाळी ऐकतो मी ती ओवी. माहेरासारखे निशाण तुम्हांस येथे दिसावे, एवढेच मनांत आहे."

राणीसाहेबांनी त्यांजकडे ऐसे पाहिले की जणू इतक्या वर्षांत प्रथम पाहतात. मग बोलिल्या, आणि मोठ्याने बोलिल्या, की लपविण्याचे सरले होते. "महाराज, मी निशाण बघते ते दुःखाने नव्हे. अजून खाली आहे ना, एवढे बघते. खाली आहे तोवर पेवात दाणा आहे. माझ्या बाबांनी असेच केले. होते नव्हते ते सावकारास दिले, निशाण टोकास नेले, हत्ती नव्हता म्हणून रेड्यावरून साखर वाटली. पुढल्या साली टोळ आले. पेव उघडले तर आतून झाडूचा आवाज आला. ज्या सावकाराने हसून पैसे घेतले, त्याने पेढीचे दार आतून लावले. आई म्हणाली, बुरूज शिजत नाही हो. मग तुमच्या वडिलांकडून, आबासाहेबांकडून, चाळीस गाड्या जोंधळा आला, आणि त्या बोलीत मी इकडे आले. सोयरीक पसंतीची, असे सगळे सांगतात. मीही सांगते. पसंती नव्हती, महाराज. जोंधळा होता. आई वेशीत उभी राहून गाड्या मोजीत होती, तिच्या मोजण्यात एकेचाळीस भरत. पुन्हा मोजी, पुन्हा एकेचाळीस. उपाशी माणसाचे मोजणे, म्हणून बाबांनी हात धरून तिला आत नेले. माझ्या पोरीच्या वेळेस मला मोजत उभे राहायचे नाही. आता उचला थैली, मला धरून उचला."

राजांचे ओठ हलले, काही सांगावे ऐसे दिसले, मग गुमास्त्याकडे पाहिले आणि ते तेथेच गिळिले. तबकातले रेशीम आपल्या हाताने उचलिले, राणीसाहेबांच्या मांडीवर ठेविले, आणि पंतांस हुकूम केला, "ठरल्या हप्त्याचे दोन हजार द्या. काठी मापू द्या. जेवायला वाढा. उद्या जोंधळा बघायला मी स्वतः जातो." गुमास्त्याने दोरी लाविली, निशाण अर्ध्यावरच होते, आणि तो दोनदा भात मागोन जेविला.

मग आठ वर्षे त्या राज्याने दम धरिला. लोक हसले, शेजारचे यजमान तर फार हसले. पाच हजारांचा जोंधळा पेवांत गेला, तोंडे शेणामातीने लिंपिली, पाच हजार रोख भिंतीत राहिले, आणि किल्ल्या राणीसाहेबांचे कमरेस. चवथे साली दक्षिणेकडून आभाळ तपकिरी जाहले आणि टोळ आले. शेते करवतून नेली, सावकारांनी दारे लाविली, मग राणीसाहेबांनी पेवे फोडिली. दोन वर्षे बारा गावे जेवली. जकात आली नाही तेव्हा हप्ते भिंतीतून गेले, एकही चुकला नाही. त्याच काळी शेजारचे यजमान पागोटे हाती घेऊन आले, तीस गाड्या मागितल्या, आणि खाली पाहत बोलिले की धाकटी मुलगी आहे, तुमच्या चिरंजीवांस साजेल. राणीसाहेब बोलिल्या, "धान्य न्या. पिकेल तेव्हा परत करा. पोर घरी ठेवा, तिची आई मोजत बसेल." ते ऐकोन पंतांनीही वहीत मान घातली.

शके सोळाशे अठ्ठावन्न, नलनाम संवत्सर, दसरा. विसावा हप्ता चुकता जाहला, गहाणखत फाडिले, गुमास्त्याने दोरी सोडोन भेट म्हणोन ठेविली, आणि आठ वर्षे पेटीत ठेविलेले रेशीम काठीच्या टोकास चढले. एवंच तात्पर्य इतुकेच: सहा हजार व्याज जास्त गेले, ते कोनेरपंत मरेतो विसरले नाहीत, बारा गावांत भुकेने कोणी मेले नाही, आणि गढीतून कोणी धान्याच्या बोलीत गेले नाही.

सर्व पांगले तेव्हा राहीबाईसाहेब मान वर करोन उभ्या होत्या, आणि राजे जानराव जवळ येऊन उभे राहिले. त्यांणी घसा खाकरिला. "त्या दिवशी दरवाज्यात सांगायचे होते. परंतु तुमच्या बोलण्यावर आपले मोठेपण ठेवल्यासारखे झाले असते, म्हणून राहिलो. मग राहूनच गेले." राणीसाहेब निशाणाकडेच पाहत म्हणाल्या, काय ते. तेव्हा राजे बोलिले, "तुमच्या आईंचे मोजणे चुकले नव्हते. चाळीस गाड्या आबासाहेबांच्या. एकेचाळिसावी मी धाडली, माझा घोडा विकून. तुम्हांस तेव्हा पाहिलेही नव्हते, त्या गडावर पोरे उपाशी आहेत एवढेच ऐकले होते. तिची काही बोली नव्हती."