फोटोतल्या माणसाचं पान

भिंतीवरच्या फोटोला चंदनाचा हार दिसला, त्याच दिवशी सयाजींनी तोंड उघडायला हवं होतं. फोटो त्यांचाच होता. तिशीतला, फेटा बांधलेला. खाली पाटी होती: 'कै. सयाजी, या घराचे शेवटचे मालक.'

पुनावळ्यातलं त्यांचं रान टॉवरखाली गेलं, तेव्हा बिल्डरनं हे कौलारू घर तेवढं राखलं, शाळेच्या पोरांना जुनं गाव दाखवायला. फोटो जुना म्हणजे माणूस गेलेला, असं धरून कुणीतरी हार चढवला. त्यात ठेकेदाराचा नियम असा, की जुन्या मालकाच्या घरचं कुणी कामावर नको, नंतर हक्क सांगतात. भाचा नवनाथ इथली वॉचमनकी सोडून चाकणला कंपनीत लागला, तसा सयाजींनी त्याचा गणवेश चढवला, छातीवर त्याच्या नावाचा बिल्ला लावला आणि आपल्याच दारात खुर्ची टाकली. ठेकेदाराला खुर्चीत कुणीतरी दिसलं म्हणजे झालं. जिवंत आहे म्हणावं तर उंबरा सुटणार. मेलेलं राहिलं तर तो रोज पायाखाली येणार.

घरी बायको छबूबाई डबा भरताना विचारायच्या, "कैलासवासी, आज भाकरी दोन का तीन?"

पितृपक्षात साधना मॅडम नववीचा वर्ग घेऊन आल्या. पोरांनी जातं ओढलं, झिजलेल्या उंबऱ्यावरून हात फिरवला. मग तेजस्विनीनं डबा उघडला. घराच्या धन्यासाठी तिच्या आईनं पान पाठवलं होतं: भात, आमटी, वडे, खीर. पान ओट्यावर ठेवून सगळे कावळ्याची वाट बघत बसले.

कावळा येईना. टॉवरांच्या जाळ्यांवर नुसती कबुतरं.

"इच्छा राहिली असणार," तेजस्विनी म्हणाली.

सुजितनं हात जोडले. "आजोबा, तुमचं घर कुणी पाडणार नाही." कबुतरं घुमत राहिली.

"तुमच्यावर प्रोजेक्ट करू," दुसरा म्हणाला. त्यालाही कावळा भुलला नाही.

मॅडम वॉचमनकडे वळल्या. "काका, तुम्ही इथलेच ना? ओळखत होतात यांना?"

"व्हय. जरा."

"कसे होते?"

"येळेला बोलला न्हाई कधी."

"मग काय राहिलं असेल त्यांचं?"

सयाजींनी आत पाहिलं. चुलीपुढं दोरी होती, 'स्पर्श करू नये' होतं. भिंतीवरची काजळी मात्र आईच्या हातची, अजून तशीच.

"चुलीम्होरं बसून जेवायचं ऱ्हायलं आसंल."

पोरांनी दोरी सोडली, पान चुलीपुढं मांडलं. आता कावळा घरात कसा येणार, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बाहेर बसवाला हॉर्न वाजवू लागला.

"काका," मॅडम अवघडून म्हणाल्या, "पान असं टाकून जाववत नाही. कावळ्याच्या जागी तुम्हीच शिवा ना."

सयाजींनी बूट काढले. मांडी घातली. पहिला घास उचलला, तशी चाळीस पोरं श्वास रोखून बघत राहिली. त्यांनी तो तोंडात घातला.

"शिवला," सुजित हळूच म्हणाला. सगळ्यांनी वहीत लिहिलं: इच्छा पूर्ण, बारा वाजून दहा मिनिटे.

बस गेल्यावर सयाजींनी दोरी पुन्हा बांधली.

संध्याकाळी छबूबाईंनी डबा उघडला. भाकऱ्या तशाच. "जेवला न्हाईत?"

"जेवलो. पितराचं पान व्हतं."

"कुनाचं?"

"माझंच."

छबूबाईंनी त्याच भाकऱ्या ताटात वाढल्या.

"मीठ बरं व्हतं का?"

"कमी व्हतं."

"मेलेल्याला काय कळतंय म्हनून घातलं नसंल," त्या म्हणाल्या, आणि मिठाची वाटी त्यांच्यापुढं सरकवली.