कुमोदाइरावर जेवायचं कुठे?

मोमोसेच्या योजनेत चूक निघायला जागाच नव्हती. निदान मोमोसेचं तसं मत होतं, आणि ते तो सकाळपासून बस-ड्रायव्हर इवाबुचीला ऐकवत होता.

“आज माझ्या काउंटरवर एकही गिऱ्हाईक जेवणार नाही!” तो छाती पुढे काढून म्हणाला.

इवाबुचीच्या तोंडातली शेवई अर्धी आत, अर्धी बाहेर होती. “मग मी काय करतोय?”

“तू गिऱ्हाईक नाहीस. तू सवय आहेस.”

कुमोदाइरा म्हणजे जपानच्या डोंगरात ढगांच्या रांगेत बसलेलं पठार. पूर्वेकडून एक बस चढून येते, पश्चिमेकडून दुसरी. लोक उतरतात, तळं बघतात, फोटो काढतात आणि मग एकच प्रश्न विचारतात: जेवायचं कुठे? जागा दोनच. बसथांब्याला लागून मोमोसेचा सोबाचा काउंटर. कुट्टूच्या पिठाच्या शेवया, गरम रस्सा, उभ्याने खा आणि चालू लागा. आणि दगडी पायऱ्या चढून गेलं की तळ्याकाठी फुसाएबाईंची लाकडी झोपडी. तिथे ओदेन मिळतं. मुळा, अंडी आणि माशाच्या वड्या पहाटेपासून मंद आचेवर मुरत असतात.

या दोन्ही जागा बसकंपनीच्या, आणि कंपनीने यंदा ठरवलं होतं की पुढच्या हंगामापासून दोहोंपैकी एकच जागा राहील. ओनुमा नावाचे साहेब हंगामाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे आज, साध्या प्रवाशासारखे येणार, जेवणार, गर्दी कुठे आहे ते पाहणार. जिथे गर्दी, ती जागा राहणार.

शहाण्या माणसाने काउंटर घासून लखलखीत केला असता. मोमोसेने तो कालपासून पुसलाही नव्हता. त्याला आपली जागा घालवायची होती!

याचं कारण पायऱ्यांच्या वर राहत होतं.

नोव्हेंबरच्या अखेरीस बर्फ रस्ता गिळतं. मग मोमोसे पूर्वेच्या खोऱ्यात उतरतो, फुसाएबाई पश्चिमेच्या. मध्ये अख्खा डोंगर. दोघांचेही जोडीदार कधीच गेलेले. हिवाळ्यात मोमोसे रोज सकाळी दार उघडून त्या पांढऱ्या डोंगराकडे बघत उभा राहतो. शेजाऱ्यांना वाटतं, हवामान बघतोय. तो बघत असतो डोंगराच्या पाठीकडे, आणि पाठ तर दिसत नाही. एप्रिलमध्ये रस्ता उघडतो, तेव्हा पहिल्या बसने तो वर येतो. फुसाएबाई पायऱ्यांवरचं बर्फ झाडत असतात. “आलात?” त्या म्हणतात. “आलो,” तो म्हणतो. पुढे सगळा उन्हाळा “आज धुकं आहे” आणि “आहे खरं.” एवढ्या शिदोरीवर मोमोसेने कित्येक हिवाळे काढले होते. एकमेकांच्या हातचं त्यांनी कधी खाल्लंसुद्धा नव्हतं. जेवणाची वेळ दोघांच्या गिऱ्हाइकांची एकच!

आपला काउंटर गेला तर आपण तिकीट काढून, प्रवासी म्हणून वर येऊ आणि ओदेन खाऊ. पण फुसाएबाईंची झोपडी गेली तर त्या कशाला येतील? हिशेब इतका सरळ होता.

“हे तू तिला सांगून का टाकत नाहीस?” इवाबुचीने वाडगा तोंडाला लावत विचारलं.

“काय सांगू?”

“बस! याच अकलेमुळे तू उभ्याने जेवायचं दुकान चालवतोस,” इवाबुची म्हणाला आणि गाडीकडे गेला.

पहिलं जोडपं आलं. नवरा गोल, बायको त्याहून गोल.

“सोबा आहे का हो?”

“आहे. पण काही विशेष नाही,” मोमोसे म्हणाला.

दोघांचे चेहरे उजळले. या डोंगरात आपल्या स्वयंपाकाला चांगलं म्हणणं म्हणजे आपल्याच लेकीच्या रूपाचे गोडवे चारचौघांत गाण्यासारखं. त्यामुळे ‘काही विशेष नाही’ म्हटलं की समजायचं, उत्तम आहे.

“दोन वाडगे द्या!”

मोमोसेच्या कपाळावर घाम आला. “नाही हो, खरंच वाईट आहे. या उंचीवर पाणी धड उकळत नाही. शेवया आतून कच्च्या राहतात.”

“किती प्रामाणिक माणूस!” बायको नवऱ्याच्या कानात म्हणाली. “चार वाडगे सांगा.”

“रस्सा खारट आहे! काउंटर पुसलेला नाही! वर जा, वर! फुसाए-सानच्या हातचा मुळा खा. जिभेवर ठेवला की माणसाला आपली आई आठवते!”

आई आठवायला माणूस पायऱ्या चढतो. जोडपं गेलं. मागून आलेलेही गेले. मोमोसेने हात झटकले. योजना चालू झाली!

थोड्याच वेळात तेच जोडपं खाली आलं. आता दोघंही लाल झाली होती.

“वरच्या बाई म्हणाल्या, मुळा आज मुरलाच नाही. म्हणाल्या, खाली मोमोसे-सानचा सोबा खा, असा सोबा या अख्ख्या डोंगरात कुणाला जमत नाही.”

मोमोसेच्या हातातला झारा रश्शात पडला.

“असं म्हणाल्या?”

“हो.”

“अगदी याच शब्दांत?”

“हो हो. आता वाढा!”

“जरा पुन्हा सांगा ना. ‘कुणाला जमत नाही’ म्हणताना त्या कुठे बघत होत्या? पातेल्याकडे, की खाली, इकडे?”

“अहो, आम्हाला भूक लागली आहे!”

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत मोमोसेला वरून पहिल्यांदाच धुक्याखेरीज दुसरा काही निरोप आला होता. त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

“त्यांना सांगा,” तो म्हणाला, “की तुमच्या पातेल्याचा वास खाली आला की माझा हात थांबतो.”

“म्हणजे आम्ही पुन्हा वर जायचं?”

“मुळा तोवर मुरेल!”

बिचारी दोघं पुन्हा चढली. आणि पुन्हा उतरली. “बाई म्हणाल्या, खोटं बोलू नका, वारा उलट्या दिशेने वाहतो. आणि म्हणाल्या, सकाळी तुम्ही पहिलं पातेलं चढवता त्याची वाफ वरून दिसते, ती दिसल्याशिवाय त्या आपली चूल पेटवत नाहीत.”

मोमोसे खाली बसला. काउंटर उभ्याने जेवायचा असल्याने बसायला काही नव्हतं, म्हणून कांद्याच्या पातीच्या टोपलीवर बसला.

तेवढ्यात धुकं उतरलं. दोन्ही बाजूंच्या बसगाड्या येतच होत्या. खालचे वर पाठवले जात होते, वरचे खाली. पायऱ्यांच्या मधोमध एक सपाट जागा आहे, तिथे एक बाक. त्या जागेवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले.

“आधी तुम्ही.”

“छे छे, आधी तुम्ही.”

दोन्हीकडून कमरेत वाकणं सुरू झालं. कोणीच पुढे जाईना, पण मागे माणसं वाढत राहिली. धुक्यात मागच्यांना फक्त पाठी दिसत होत्या. शिस्तीची माणसं, पाठ दिसली की मागे उभी राहतात. एक रांग झाली! नव्याने उतरणाऱ्यांनी ती पाहिली. एवढ्या थंडीत एवढी रांग म्हणजे पुढे खास काहीतरी असणार. तेही उभे राहिले. रांग पायऱ्या उतरून थांब्याला वळसा घालून मोमोसेच्या काउंटरवरून पुढे गेली. काउंटरकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

“कशाची रांग आहे हो?” मोमोसेने विचारलं.

“माहीत नाही, पण फार प्रसिद्ध जागा आहे म्हणतात,” एकाने सांगितलं. “मध्ये घुसू नका. मागून या!”

मोमोसेला वाटलं, जिंकलो! रांग फुसाएबाईंच्या दारापर्यंत पोचली असणार, ओनुमासाहेबांनी ती पाहिलीच असणार. बाईंच्या दारातली गर्दी एकदा डोळ्यांनी बघावी म्हणून तो क्षमा मागत, वाकत, वर निघाला.

रांग बाकाशी संपत होती. सगळ्यात पुढे एक लाल टोपीवाल्या आजी बसल्या होत्या, गुडघा चोळत.

“आजी, इथे काय मिळतं?”

“मला काय ठाऊक बाळा? माझा गुडघा धरला म्हणून मी टेकले. ही सगळी मंडळी मागे येऊन उभी राहिली. उठायला लाज वाटते आता!”

त्याच वेळी वरच्या धुक्यातून फुसाएबाई उतरल्या. डोक्याला पांढरा रुमाल, हातात झारा, चेहरा रागावलेला.

“मोमोसे-सान! माझी गिऱ्हाइकं परत का पाठवता?”

“तुम्ही माझी का पाठवता?”

“ओनुमासाहेब येणार आहेत आज! तुमच्याकडे गर्दी दिसायला नको?”

“मी तर तुमच्याकडे दिसावी म्हणून...”

मागे अख्खी रांग कान देऊन ऐकत होती.

“तुम्ही नसलात,” फुसाएबाई झाऱ्याकडे बघत म्हणाल्या, “तर... प्रवाशांची गैरसोय होईल.”

“होईल खरी,” मोमोसे म्हणाला. “तुम्ही नसलात तरी होईल. फार गैरसोय होईल.”

“अहो, त्यांचं लग्न लावा नाहीतर आम्हाला जेवायला घाला!” मागून गोल नवरा ओरडला.

रांगेच्या मधून एक किडकिडीत गृहस्थ पुढे आले. धुक्याने टोपी ओली, ओठ निळे. “मी ओनुमा,” ते म्हणाले. “मी खाली गेलो, वर पाठवलं. वर गेलो, खाली पाठवलं. मग रांग दिसली, तिच्यात उभा राहिलो. आता मला समजतंय की ती एका गुडघ्याची रांग होती!”

दोघंही इतके वाकले की डोकी एकमेकांवर आपटली.

“पण कार्यालयाला मी रांगेतूनच फोन केला आहे,” ओनुमासाहेब थंडपणे म्हणाले. “दोन्ही जागा बंद. लोकांना इथे, या बाकाशी खायला हवंय, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या हंगामापासून इथे झटपट शेवयांचं यंत्र बसेल. ते कुणालाही दुसरीकडे पाठवत नाही.”

मोमोसेने खालून पातेली आणली, फुसाएबाईंनी वरून. बाकाशी सगळी रांग जेवली. आजी पहिल्या! ओनुमासाहेबांनी दोन्ही खाल्लं, दोनदा खाल्लं, उत्तम म्हणाले. पण एकदा कार्यालयाला कळवलेला निर्णय गिळायची सोय त्यांच्या कंपनीत नव्हती.

लोक गेले. तळाशी एक वाडगा सोबा राहिला होता, दोन चकत्या मुळा. बाकावर दोघं बसली. त्याचा वाडगा तिच्याकडे, तिचा त्याच्याकडे.

“कच्च्या नाहीत शेवया,” फुसाएबाई म्हणाल्या.

“मुळा मुरलाय,” मोमोसे म्हणाला.

खाली इवाबुचीने हॉर्न दिला. पूर्वेची शेवटची बस. पश्चिमेचीही लागली होती. एप्रिलमध्ये पायऱ्यांवरचं बर्फ झाडायला आता कोणी असणार नव्हतं, आणि “आलात?” म्हणायलाही. मोमोसेने आयुष्यातलं सगळं धाडस गोळा केलं.

“फुसाए-सान, समजा... समजा एखादा माणूस हिवाळ्यात तुमच्या गावी आला. तर त्याने जेवायचं कुठे?”

फुसाएबाई लाल झाल्या. मग रुमालाची गाठ सोडवत हळूच म्हणाल्या, “स्टेशनासमोर एक खाणावळ आहे. लहानशी. काही विशेष नाही. रस्सा बेताचा, जागा अंधारी. तुम्हाला नाही आवडणार.”

“अच्छा,” मोमोसे म्हणाला.

म्हणजे येऊ नका म्हणतात! त्याने वाकून निरोप घेतला आणि बसमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसला. खिडकीतून ती धुक्यात उभी दिसली, मग रुमाल तेवढा दिसला, मग धुकंच दिसलं. बस बोगद्यात शिरली.

“विचारलंस?” पुढून इवाबुची ओरडला.

“विचारलं. म्हणाली, गावात एकच खाणावळ आहे आणि तीही भिकार.”

“काय सांगतोस! फुसाए-सान दुसऱ्याच्या दुकानाला भिकार म्हणाली? दुसऱ्याच्या?”

मोमोसे ताडकन उभा राहिला. या डोंगरात दुसऱ्याच्या पातेल्याला कोणी नावं ठेवत नाही. नावं ठेवतात ती फक्त आपल्याच...

“थांबव! गाडी थांबव!”

“बोगद्यात? बस खाली!”

“परत फिरव!”

“वर कुलूप लागलं. आता रस्ता उघडेल तो एप्रिलमध्ये.”

“आणि त्याआधी?”

“त्याआधी आगगाडी. अख्ख्या डोंगराला वळसा. तीनदा गाडी बदलायची, सबंध दिवस जातो. आणि वाटेत कडाडून भूक लागते, सांगून ठेवतो!”

दुसऱ्या दिवशी पहाटे मोमोसे स्टेशनवर उभा होता. अंगात लग्नात घातलेला कोट, खिशात तिकीट. वाटेत जेवायचं कुठे, हे मात्र त्याने कुणालाही विचारलं नाही.