तिसरी पायरी सोडून

माणूस हलला की अपघात होतो. जगातल्या समस्त अपघातांच्या मुळाशी हालचाल आहे, आणि हे तत्त्व रत्नागिरीकराला फार लवकर उमगलेलं असल्यामुळे दुपारी एक ते चार या वेळात आमच्याकडे अपघातांचं प्रमाण शून्य असतं. (उत्पादनाचं प्रमाणही तेवढंच असतं, पण तो आजचा विषय नाही.) अडचण उरते ती बाकीच्या तासांची. त्या तासांत लोक उगाच चालतात, उचलतात, चढतात, उतरतात आणि मग सुरक्षितता नावाचं काम काढावं लागतं.

आमचा आमरसाचा कारखाना. एप्रिल ते जून हापूस येतो, पिकतो, कापला जातो, आणि त्याचा रस डब्यात बंद होऊन मुंबईमार्गे दुबईला जातो. मी तिथे गोदामाचा कारकून. २००२च्या हंगामाआधी दुबईच्या गिऱ्हाइकाने कळवलं की, जिथे माणसं सुरक्षित नाहीत तिथला रस आम्ही घेणार नाही. इतकी वर्षं रस पिताना त्यांना आमच्या माणसांची आठवण झाली नव्हती. पण असो, आठवण उशिरा झाली तरी तिचा मान राखावा. आमच्या नानांनी, म्हणजे मालकांनी, लगोलग सुरक्षा समिती नेमली. समितीचा चिटणीस मी, कारण माझं अक्षर बरं आहे. सुरक्षा पर्यवेक्षक चारुदत्त परचुरे, कारण तो त्या वेळी समोर बसला होता.

चारुदत्त बी.एस्सी. झालेला, सज्जन, आणि हंगामी. जून संपला की त्याची नोकरीही संपायची. नाना त्याला म्हणाले, "हा हंगाम एकही अपघात न होता पार पाड, तुला कायम करतो." आता हे 'कायम' साधं नव्हतं. देवरूखच्या दत्तूअण्णा बेहेऱ्यांची मनस्विनी त्याला सांगून आली होती. पोहे खाऊन झाले होते, पत्रिका जुळली होती, मुलामुलीने एकमेकांकडे दोनदा बघितलंही होतं. अडलं होतं ते अण्णांच्या एका प्रश्नावर. "मुलगा चांगला आहे हो," अण्णा म्हणाले, "पण हंगामी आहे. जावई काय एप्रिल ते जूनच ठेवायचा?" थोडक्यात, कारखान्यात एक माणूस पडला की देवरूखला एक लग्न मोडणार होतं.

आणि पडायला जागा होती. आंबे पिकवायची खोली उंचावर, कापायची खोली खाली, आणि दोहोंच्या मध्ये चिऱ्याच्या पाच पायऱ्या. त्यांतली तिसरी हलायची. (वरून मोजा, खालून मोजा, तिसरीच.) डोक्यावर पिकल्या आंब्यांचा क्रेट घेऊन बायका दिवसभर त्या पायऱ्या उतरायच्या आणि तिसरी सोडून चौथीवर पाय टाकायच्या. नवी बाई कामाला आली की जुनी तिला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगायची. "पाणी त्या माठातलं पी, नि तिसरी सोड."

पायरी दुरुस्त का केली नाही, असं वाचकांपैकी एखादा उतावळा विचारील. समितीने पहिल्या बैठकीत हाच विचार केला. हंगामाआधी गवंडी मिळत नाही, कारण सगळे आपापल्या गावी घरं शाकारायला गेलेले असतात. हंगामात पायरी उखडली तर आंबे उतरायचे कुठून? हंगाम संपला की पाऊस, आणि पावसात सिमेंट धरत नाही. पाऊस संपला की कारखाना बंद, मग त्या पायरीवरून जाणार कोण? म्हणजे पायरी दुरुस्त करण्याजोगा काळ वर्षात निसर्गानेच ठेवलेला नाही. तेव्हा पायरीला हात न लावता माणसांना हात लावावा, असं ठरलं. पायरी एक आणि माणसं साठ. एकीला सुधारण्यापेक्षा साठांना सुधारणं हे केव्हाही मोठं कार्य.

चारुदत्त कामाला लागला. त्याने भिंतीवर पाटी लावली, 'तिसऱ्या पायरीवर पाय ठेवणाऱ्यास जबाबदार धरले जाईल.' रोज सकाळी सगळ्या बायकांना ओळीत उभं करून तो कवायत घ्यायचा. तो म्हणायचा "एक", तो म्हणायचा "दोन", आणि साठ तोंडांतून एकदम निघायचं, "तिसरी". नियमच होता की कुणाचाही पाय तिसरीकडे वळताना दिसला तर हातातलं काम टाकून, जोरात, सर्वांनी मिळून ओरडायचं. या बाबतीत सगुणा नावाची बाई अव्वल होती. तिचा आवाज असा की पलीकडच्या बर्फाच्या कारखान्यातली माणसंही एक पायरी सोडून उतरू लागली.

गिऱ्हाइकाची आणखी एक अट होती. काम सुरू होण्यापूर्वी रोज सुरक्षेवर चार शब्द बोलले जावेत. हे काम आमच्याकडे आधीपासून चालू होतं, फक्त त्याला तसं म्हणायचं आम्हाला सुचलं नव्हतं. आमचा राखणीचा गडी भिकाजी रोज सकाळी दारात नारळ ठेवून जागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालायचा. त्यातच समितीने एक कलम घुसवलं.

"बा राखणदारा म्हाराजा," भिकाजी डोळे मिटून म्हणायचा, "ही लेकरं तुज्या पायाशी हायत. कुनाचा पाय चुकून तिसरीवर पडला, तर त्येला संबाळून घे रं म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणायचे. नानाही म्हणायचे.

याची नोंद मी इतिवृत्तात 'सुरक्षेची अंतिम जबाबदारी निश्चित करण्यात आली' अशी केली. ती कुणावर, हे लिहिलं नाही, कारण राखणदाराची सही कुठे घ्यायची हे कुणालाच माहीत नव्हतं.

हेल्मेटंही आणली होती, पिवळीधमक. पण डोक्यावर क्रेट असताना हेल्मेट घालायचं कुठे, आणि हेल्मेट असताना क्रेट ठेवायचा कुठे, हा पेच सुटेना, म्हणून ती माझ्या गोदामात कुलपात ठेवली. त्या हंगामात एकाही हेल्मेटला इजा झाली नाही.

तरीही माणसं ती माणसं. कुणाचं बोट कापायचं, कुणाचा हात आंब्याच्या चिकाने भाजायचा. यावर समितीने अपघात म्हणजे काय, याचाच मुळातून विचार केला. बायका आंबे कापायला आपापल्या घरची सुरी आणतात. घरच्या सुरीने कापलं तर ती इजा घरगुती. चीक हा आंब्याचा स्वभाव आहे आणि सोसणं हा कातडीचा. कढत रस अंगावर उडाला तर तो रसाचा अपव्यय, त्याची नोंद उत्पादन खात्याकडे. अशा रीतीने मे महिना अर्धा सरला तरी अपघात शून्य. सुरक्षिततेत आमचा कारखाना तालुक्यात पहिला होता. (दुसऱ्या कुणी स्पर्धेत भाग घेतला नव्हता.) चारुदत्त देवरूखला फोन करून नुसतं "शून्य" म्हणायचा, आणि पलीकडून मनस्विनी "बरं" म्हणायची. प्रेमाची इतकी काटकसरी भाषा मी तरी दुसरीकडे ऐकलेली नाही.

आणि मग गिऱ्हाइकाचे मुंबईचे साहेब पाहणीला येणार असल्याचं कळलं. जी पायरी दुरुस्त करण्याजोगा काळ वर्षभरात सापडत नव्हता, ती एका रविवारी दुपारच्या आत दुरुस्त झाली. काशीराम गवंड्याने चिरा काढला, नवा बसवला, वर सिमेंटचा हात फिरवला. सोमवार उजाडेतो ती अशी घट्ट बसली की तिच्यावर बैल उभा केला असता तरी हलली नसती. बाकीच्या चार तिच्यापुढे हलक्या वाटू लागल्या.

साहेब मंगळवारी आले. नाना सोबत, मी वही घेऊन मागे. खाली साठ बायका आंबे कापत होत्या. साहेबांचं लक्ष पाटीकडे गेलं.

"ही तिसरी पायरी धोक्याची आहे का?" त्यांनी विचारलं.

"होती साहेब, आता नाही," चारुदत्त म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर देवरूख दिसत होतं. "ही बघा, मी उतरूनच दाखवतो."

तो एक उतरला. दोन उतरला. आणि त्याचा पाय तिसरीकडे वळलेला दिसताच, नियमाप्रमाणे, हातातलं काम टाकून, साठ तोंडांतून एकदम आवाज उठला, "तिसरी". सगुणाचा वेगळा ऐकू आला. चारुदत्त दचकला, पाय हवेतच राहिला, आणि तो तिसरी, चौथी व पाचवी अशा तिन्ही पायऱ्या सोडून थेट कोयींच्या ढिगात जाऊन पडला.

मग सगुणा शांतपणे म्हणाली, "आमी तर वरडलो होतो, सायेब."

साहेब मात्र खूश. धोक्याबद्दल कामगार इतके जागरूक असलेले त्यांनी कुठेच पाहिले नव्हते. तसं त्यांनी लिहूनही दिलं आणि रसाची मागणी वाढवून गेले. चारुदत्तच्या पायाचं हाड मोडलं होतं.

समितीने चौकशी केली. पायरी निर्दोष होती. कामगारांनी शिकवल्याप्रमाणे इशारा दिला होता, सबब तेही निर्दोष. नारळ सकाळी ठेवलेला होता, म्हणजे राखणदाराकडेही बोट दाखवता येईना. ज्या घटनेत कुणाचीच चूक नाही ती अपघात कशी म्हणायची? आणि अपघात म्हटलं तर शून्य जाणार, शून्य गेलं तर 'कायम' जाणार. नानांनी मार्ग काढला. मन मोठं त्यांचं. चारुदत्त त्याच दिवशी संध्याकाळी आपल्या घरासमोरच्या खळ्यात पाय घसरून पडला, असं ठरलं. चारुदत्तने पलंगावर पडल्या पडल्या सही केली. जून संपला, अपघात शून्य, चारुदत्त कायम.

पण रत्नागिरीहून देवरूखला बातमी जायला एस.टी. लागत नाही. मुलगा घरासमोरच्या खळ्यात पडला, हे अण्णांना कळलं. सारवलेल्या, सपाट, लहानपणापासून पायाखालच्या खळ्यात धडधाकट पुरुष संध्याकाळच्या वेळी आडवा होतो, याची अण्णांना दोनच कारणं माहीत होती. एक बाटलीत मिळतं आणि दुसऱ्यावर कांदा हुंगवतात. त्यांनी नकार कळवला.

चारुदत्तची अवस्था बघवेना. प्लास्टर घातलेल्या पायासकट मी त्याला देवरूखला नेलं आणि खरं काय ते अण्णांना सांगितलं.

"मग मालकाकडून तसं लिहून आणा," अण्णा म्हणाले.

"लिहून दिलं की अपघात झाला असं होतं," मी म्हणालो. "अपघात झाला की हा कायम नाही."

"कायम नाही तर मुलगी नाही."

"आणि कायम राहिला तर हा खळ्यात पडलेला."

"खळ्यात पडलेल्यालाही मुलगी नाही," अण्णा म्हणाले. माणूस तर्काला पक्का होता.

इतक्यात मनस्विनी बाहेर आली. ती सरळ चारुदत्तकडे बघून म्हणाली, "ती पायरी हलत होती का हो?"

"नाही."

"मग पडलात कशाने?"

"सगळे ओरडले," चारुदत्त म्हणाला.

"आणि नंतर सगळे म्हणाले तुम्ही घरी पडलात, तर घरी पडलात." तिला राग आला होता आणि वाईटही वाटत होतं, दोन्ही स्पष्ट दिसत होतं. "मला हंगामी नवरा चालेल. पण आपण कुठे पडलो हे ज्याला चारचौघांना विचारावं लागतं, तो नको."

अण्णा "मनू" म्हणाले, पण ते कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारुदत्त कुबडी टेकत नानांच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "नाना, मी कारखान्यात पडलो." एवढं एकच वाक्य. नानांना मनापासून दुःख झालं. इतक्या कष्टाने राखलेलं शून्य, तेही सुरक्षा पर्यवेक्षकानेच घालवावं? त्यांनी त्याला कामावरून कमी केलं. मार्गशीर्षात त्याचं मनस्विनीशी लग्न झालं. हल्ली तो गुहागरला एका शाळेत विज्ञान शिकवतो. पगार कमी आहे. सुखी आहे म्हणतात, आपण कशाला नाही म्हणावं.

त्याच्या रिकाम्या जागेवर नानांनी मला नेमलं. मी कायम आहे. अपघात पुन्हा शून्य आहेत.

या हुद्द्यामुळे मला आता कुठेही गेलं तरी नजर फिरवायची सवय लागली आहे, आणि हे वाचून आमच्या कारखान्याला हसणाऱ्या तुमच्याबद्दल मला एक गोष्ट ठाऊक आहे. तुमच्या घरातही ते आहे. मोरीतलं बटण असेल, गॅसची नळी असेल, माळ्याची शिडी असेल. नेमकं काय ते मला माहीत नाही, पण आत्ता ते तुमच्या डोळ्यांसमोर आलं आहे. पाहुणा आला की तुम्ही त्याला प्रेमाने सांगता, "ओल्या हाताने लावू नका हं, जरासा झटका देतं." आणि त्याला झटका बसलाच, तर तुम्ही काय म्हणाल तेही मला माहीत आहे. "अहो, मी सांगितलं होतं ना."

आमच्या सुरक्षा समितीत चिटणिसाची जागा सध्या रिकामी आहे. अर्ज करू नका. तुमची निवड झालेली आहे.