आफ्रिये आत्यांनी बॅग तोलली

घानातल्या टेचिमान गावी आडोमाच्या घराण्यातली मुलगी कुणाला द्यायची की नाही, हे आफ्रिये आत्यांनी मुलाकडची बॅग उचलल्यावर ठरायचं. बॅगेत सुनेसाठी कापडं असत आणि ती नंतर आतल्या खोलीत उघडली जाई. तीस वर्षं बाजारात कोनफळांच्या पाट्या वाहिलेल्या आत्या बॅग एका हाताने तोलून मुलाकडच्यांची ऐपत भर मांडवात जाहीर करत. गेल्या वर्षी एक वरात त्यांनी हलक्या बॅगेपायी फाटकातूनच परत पाठवली होती.

कोनादूबाईंच्या बॅगेत सहाच कापडं होती. त्यांचा मुलगा न्तिम आडोमाशिवाय घास गिळेना. शेवटी त्या माउलीने कापडांखाली मिरची वाटायचा दगडी पाटा घातला आणि बॅग स्वतःच डोक्यावर घेऊन हसत मांडवात आली.

"वा विहीणबाई!" आत्या म्हणाल्या. "तुमच्यासारख्या चिमणीला पेलली म्हणजे आत काय, कोंबडीची पिसं?"

मांडव हसला. बॅग खाली ठेवली जाताच आत्यांनी दोन बोटं अडकवून तिला हिसका दिला. बॅग हलकी आहे असं डोक्याने हाताला परस्पर कळवलं होतं. कंबरेला कुणी विचारलंच नव्हतं. बॅग जागची हलली नाही. कंबरेत कट् झालं आणि आत्या वाकल्या त्या तशाच राहिल्या.

आत्या आजवर कुणापुढे वाकल्या नव्हत्या.

"आफ्रिये वाकली! माणसं मोठी दिसतात," म्हणत थोरल्या काकांनी चपला काढल्या आणि तेही वाकले. मग सगळं घराणं वाकलं. मुलाकडचे गडबडून त्याहून खाली वाकले. ढोलवाला ढोलासकट वाकला. आता आत्यांच्या आधी उठायचं कुणी?

"काय भरलंयस गं?" आत्या कुजबुजल्या.

"कापडं," समोर वाकलेल्या कोनादूबाई म्हणाल्या.

"कापडांनी माझी कंबर धरली? उघड ती बॅग, सगळ्यांसमोर!"

कोनादूबाईंना तळचा पाटा आठवला. मग पोराचा चेहरा आठवला.

"उघडते की. मग तुम्ही वाकला नाहीत, अडकलात, हेही सांगावं लागेल. उद्या बाजारभर होईल."

आत्यांनी बराच वेळ जमिनीकडे पाहिलं. तसंही दुसरीकडे पाहता येत नव्हतं.

"मला उठव."

"आधी हो म्हणा."

"आफ्रिये, पुरे की गं!" मागून काका कण्हले. "माझे गुडघे गेले!"

"हो! हो! दिली पोरगी!" आत्या ओरडल्या.

मांडवात एकच जल्लोष झाला. कोनादूबाईंनी गळाभेटीच्या मिषाने आत्यांना उभं केलं. मग गुडघे वाकवून, श्वास घेऊन, बॅग अलगद डोक्यावर चढवली आणि आत गेल्या. आत्या बघत राहिल्या.

"आडोमा, इकडे ये," त्या हळूच म्हणाल्या. "सासूला कधी उलटून बोलू नकोस."

"पण आत्या, त्या तर किती साध्या वाटतात!"

"मलाही वाटल्या होत्या," कंबर चोळत आत्या म्हणाल्या.