पाठमोरे यजमान

एका जंगलात, मुलांनो, झाडे इतकी दाट होती की पलीकडचे काही दिसत नसे. पलीकडे अफाट माळ होता. तिथे कोणी जात नसे, म्हणून त्याची माहिती सर्वांना होती.

सर्वांत जास्त माहिती घुबडशास्त्र्यांना होती. ते ढोलीतून कधी बाहेर पडले नव्हते.

"माळावर झाडे नाहीत," ते सांगत. "झाड नाही म्हणजे आडोसा नाही. आडोसा नाही म्हणजे लाज नाही!"

श्रोते माना डोलावत.

एका उन्हाळ्यात जंगलातले तळे आटले. भेकरवहिनींचे पाडस चिखल चाटू लागले. त्या साळिंदरकाकांकडे धावल्या. एकटे काकाच एकदा माळ पायी तुडवून आले होते.

"काका, तिकडे पाणी आहे का हो?"

"मोठं तळं आहे. काळवीट प्रेमाने पाजतात. फक्त आपण पिताना ते पाठ करून उभे राहतात."

"अगंबाई! का?"

"पाहुण्याच्या तोंडाकडे बघू नये, म्हणजे तो संकोच न करता पोटभर पितो. तिकडची रीत आहे."

"काकांना ऊन लागलंय," शास्त्री ढोलीतून म्हणाले.

तरी तहान वाईट. सगळे निघाले. शास्त्रीही निघाले, गव्याच्या पाठीवर बसून, उन्हामुळे डोळे मिटून.

काळविटांनी त्यांना तळ्यापर्यंत नेले. "या, दमला असाल," म्हणाले आणि अदबीने पाठ करून उभे राहिले.

शास्त्र्यांनी एक डोळा उघडला. "पाहिलंत? पाठ फिरवली! एवढा अपमान?"

"अहो, मी सांगितलं होतं ना—" काका म्हणाले.

"तुम्ही त्यांचं पाणी प्यायलेले. तुमचं काय ऐकायचं?"

गवा फुरफुरला आणि वळला. त्याच्यामागे सगळे वळले.

भेकरवहिनी तेवढ्या थांबल्या. पाडसाने पाण्यात तोंड घातले होते, ते बाहेर काढेना.

"वहिनी, जंगलाच्या अब्रूचा तरी विचार करा!" सांबर ओरडले.

"पिऊन झाल्यावर करते, भावजी."

जंगलात परतल्यावर कोरड्या तळ्याकाठी शास्त्र्यांचा सत्कार झाला. भाषणे मात्र आटोपशीर झाली. सगळ्यांच्या घशाला कोरड पडली होती.

तात्पर्य: परक्या मुलखाची माहिती तिथे कधीच न गेलेल्याला विचारावी. जाऊन आलेल्याला तो मुलूख आवडलेला असण्याचा धोका असतो.