खंडेरावांच्या मनातला गॅस

दसऱ्याच्या आत आपल्या घरात गॅस पेटणार, असं खंडेरावांनी जाहीर केलं तेव्हा वत्सलाबाई स्टोला पिन मारत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. कारकुनी करणाऱ्या नवऱ्याच्या असल्या घोषणा त्यांनी पुष्कळ ऐकल्या होत्या.

त्या काळी नाशकात पोरीला स्थळ मिळे, पण गॅस मिळत नसे. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. नंबर लावायचं काम खंडेरावांवर सोपवून वत्सलाबाई दर मंगळवारी सप्तशृंगीच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळून 'माये, नंबर लवकर लागू दे' एवढंच मागत. खंडेराव मात्र त्याच सुमारास देवळाली कॅम्पात कुणाचं तरी इच्छाशक्तीवरचं व्याख्यान ऐकून आले आणि पार बदलले. हवी ती वस्तू आलीच आहे असं धरून चालायचं, शंका म्हणून घ्यायची नाही, की ती आपोआप दारात येते, असं त्या वक्त्याने सांगितलं होतं. खंडेराव रोज सकाळी ओट्यासमोर पाट टाकून, डोळे मिटून बसू लागले. त्यांना निळी ज्योत दिसे. वत्सलाबाईंना त्यांना ओलांडून कुकर उतरवावा लागे.

एवढं त्यांनी सोसलं. पण एका शनिवारी त्या भाजी घेऊन आल्या, तर ओट्यावर स्टोच नव्हता. गॅस येणार म्हटल्यावर स्टो ठेवणं म्हणजे अविश्वास, म्हणून खंडेरावांनी तो भांडी घासणाऱ्या भागीबाईला देऊन टाकला होता. भागीबाईनेही शहाणपणा करून तो तडक विंचूरच्या लेकीकडे धाडला होता.

"देवीने मला आजवर उपास सांगितले," वत्सलाबाई म्हणाल्या, "पण घरातला विस्तव वाटून टाक, असं कधी सांगितलं नाही."

देवावर विसंबणारा नुसती वाट बघतो आणि मनाची ताकद ओळखणारा तयारीला लागतो, असं खंडेरावांनी त्यांना शांतपणे समजावलं. वत्सलाबाईंनी ताट मांडलं, त्यात मूठभर कच्चे तांदूळ वाढले आणि मनाने शिजवून घ्या म्हणून सांगितलं.

त्यांचं डोकं खरं फिरलं ते रविवारी. सकाळीच नणंद मंगलाबाई सिन्नरहून नवरा आणि लेकरं घेऊन हजर झाली. गॅस आल्याचं दादाने कळवलं होतं आणि तिला गॅसवरची पुरणपोळी खायची होती. आता नणंदेसमोर नवऱ्याचे वाभाडे काढावेत की पुरण घालावं? वत्सलाबाईंनी दात ओठ खात डाळ धुतली. मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या आणि पावसात भिजलेली लाकडं पेटवली. लाकडं पेटली थोडी आणि धुमसली फार.

गॅस आल्याची बातमी खंडेरावांनी शेजारच्या बहिरूकाकांनाही दिली होती. काकांनी माडीवरून धूर पाहिला, गॅस फुटला म्हणून बोंब ठोकली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन केला. आगीचा बंब आला, पण पंचवटीतल्या त्या गल्लीत शिरेना. भाजीच्या हातगाड्यांमध्ये अडकून नुसता घंटा बडवत राहिला. लोक काही बंबासाठी थांबले नाहीत. वत्सलाबाई पुरण घोटत होत्या, तेवढ्यात भिंतीवरून बादल्या रिकाम्या होऊ लागल्या. पहिली विस्तवावर पडली, दुसरी पुरणात आणि बाकीच्या त्यांच्या अंगावर.

गर्दी पांगल्यावर मंगलाबाईने ओल्या वहिनीच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि सहज विचारलं, "दादा, नंबर तरी कधी लावला होतास रे?"

खंडेरावांनी चष्मा काढून पुसला.

"नंबर लावला की मनात शंका आहे असं होतं," ते हळूच म्हणाले. "म्हणून लावला नाही."

वत्सलाबाईंच्या हातात पळी होती. ती त्यांनी खाली ठेवली, कारण हातात राहिली असती तर भलतंच घडलं असतं. त्यात आणखी एक गोष्ट त्यांच्या मनात आली. नंबर लागत नाही म्हणून त्यांनी देवीला काय काय ऐकवलं होतं! बहिरी म्हटलं होतं, श्रीमंतांची म्हटलं होतं, एकदा तर तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः गॅसच्या दुकानात गेल्या आणि नंबर लावून आल्या, स्वतःच्या नावावर. मग घरी येऊन देवीपुढे उभ्या राहिल्या. आधी माफी मागितली. मग खंडेरावांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "माये, गॅस सावकाश दे. आधी एक स्टो दे."